बेस मॉडेल घेऊन भारी टायर टाकायचे, की ईएससीवालं व्हेरियंट? ठाणे-नवी मुंबईवाल्यांनो मत द्या

कोलशेतकर
मेहुणा गाडी घेतोय, आयुष्यातली पहिलीच. राहतो ढोकाळीला, ऑफिस महापेला, आणि अधूनमधून गावी साताऱ्याला चक्कर. शोरूमवाला म्हणतो बेसमध्ये एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक होऊ न देणारं) आहे, पण ईएससी, म्हणजे घसरायला लागलेली गाडी सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, पाहिजे तर वरचं व्हेरियंट घ्यावं लागेल, आणि वरच्यात म्हणजे सनरूफ, मोठा स्क्रीन, असली सगळी चमकोगिरी सोबत गळ्यात पडते. मेहुण्याचं म्हणणं, घोडबंदर रोडला गाडी विसाच्या वर जात नाही, स्टॅबिलिटी कंट्रोल काय सिग्नलला उभं राहायला पाहिजे का, त्या पैशात मी चार भारी टायर टाकतो.

माझं मत सरळ आहे, ईएससी सोडायचं नाही. ही काय लक्झरी नाहीये. चारही चाकांचा वेग मोजणारे सेन्सर एबीएससाठी असतातच, त्यात स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी स्वतःभोवती किती फिरतेय हे सांगणारे सेन्सर वाढतात. तुम्ही वळवताय एकीकडे आणि गाडी चाललीय भलतीकडे हे कळलं की सिस्टीम नेमक्या एकाच चाकाला ब्रेक मारते आणि लागलं तर इंजिनचा जोर कमी करते. हेच माणसाला करायचं तर पायाखाली चार ब्रेक पेडल लागतील, मग ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो.

१९९५ ला मर्सिडीजच्या एस क्लासमध्ये बॉशची ही सिस्टीम आली तेव्हा श्रीमंतांचं खेळणं होतं ठीक आहे. पण १९९७ ला त्यांचीच छोटी ए क्लास स्वीडनमध्ये अचानक वळवायच्या टेस्टमध्ये उलटली आणि त्यांनी गपगुमान सगळ्या ए क्लासना ती बसवली. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची, युरोपात २०१४ पासून. आपल्याकडे एबीएस २०१९ पासून सक्तीचं झालं आणि ईएससी अजून व्हेरियंट बघून मिळतं. भारत एनसीएपीमध्ये, म्हणजे गाड्यांना सेफ्टीचे स्टार देणाऱ्या आपल्या टेस्टमध्ये, ३ स्टार किंवा त्यावर जायचं तर ईएससी पाहिजे, एवढी तरी अट आली.

बोला आता.

नौपाडा_काका
मेहुणा शहाणा आहे. आम्ही पद्मिनीत, पॉवर स्टिअरिंगसुद्धा नसताना, भर पावसात खंबाटकी चढलोय आणि उतरलोय. गाडी हातात पाहिजे राव, कॉम्प्युटरमध्ये नाही. आजकालची पोरं ब्रेकवर पाय ठेवतात आणि बाकी सगळं गाडीवर सोडतात.

घणसोली_बाईकवाला
काका त्या पद्मिनीला ८० पकडायला खंबाटकी ते सातारा लागायचं, घसरणार कशी 😂

नौपाडा_काका
बरोबर! तेच तर म्हणतोय मी. वेग कमी ठेवा, काहीच लागत नाही.

खारघरची_ताई
कोलशेतकर, तुमचं अर्धं पटलं. अर्धं नाही.

गाडी रस्त्याला धरून असते ती चार टायरवर, आणि एका टायरचा जमिनीला टेकलेला भाग साधारण तळहाताएवढा असतो. एबीएस घ्या, ईएससी घ्या, ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरू न देणारं) घ्या, सगळ्यांचं काम त्या चार तळहातांवरच चालतं. तिथे पकडच नसेल तर कुठल्या चाकाला ब्रेक मारणार आणि मारून काय होणार? सिस्टीम पकड वाटून देते, तयार करत नाही. आमच्या सोसायटीत एक मोठी एसयूव्ही आहे, एअरबॅग मोजता मोजता थकाल एवढ्या, आणि टायर चमनगोटा. तो माणूस रोज पाम बीचने जातो, पावसात पण. बेलापूर किल्ल्यापासून वाशीपर्यंत रस्ता मोकळा दिसला की ६० च्या लिमिटला कोण विचारतं, आणि एखाद्या ठिकाणी पाणी साचलेलं असतं ते रात्री दिसतच नाही. गुळगुळीत टायर त्या पाण्यावर चढला की स्टिअरिंग एकदम हलकं होतं, फिरवा काय आणि नाही फिरवा काय. तिथे ईएससीचा दिवा डॅशबोर्डवर लुकलुकत बसेल फक्त.

म्हणून टायर आधी. मेहुणा आळशी असेल आणि दोन वर्षांनी टायर बघणारच नसेल तर गोष्ट वेगळी.

कोलशेतकर
ताई, टायर नकोत असं मी कुठे म्हटलं? पण नव्या गाडीला टायर नवेच येतात की! म्हणजे पहिली तीन-चार वर्षं तुमचा मुद्दा लागूच होत नाही. टायर पुढे कधीही बदलता येतात, ईएससी मागाहून बसवून मिळत नाही. एकदा बेस घेतली की ती गाडी मोडीत जाईपर्यंत बिनाईएससीचीच.

आणि विसाच्या वर जात नाही हे दुपारचं झालं. रात्री बाराला गायमुख घाटात या. एकीकडे डंपरने सांडलेली खडी, एकीकडे डिझेलचा ओघळ, वळणावर मध्येच पेव्हर ब्लॉकचा पट्टा, आणि समोरून कंटेनर. टायर नवे असले तरी दोन चाकं खडीवर आणि दोन डांबरावर असताना ब्रेक मारला तर गाडी फिरायला बघते. त्याच वेळेला हे कामाला येतं.

ऐरोली_कॅब
मी कॅब चालवतो, मालकाची गाडी आहे. तुमची सगळी चर्चा वाचली. एक सांगा, रस्त्यावर सगळ्यात जास्त किलोमीटर कोण मारतो? आम्ही. आणि आम्हाला गाडी कुठली मिळते? सगळ्यात खालचं मॉडेल. ईएससी सोडा, टायर बदला म्हटलं तर मालक म्हणतो अजून एक पावसाळा काढ. एकदा रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेले टायर, टाकून दिले पुढे, मी चावी परत दिली. विमानतळावर पहाटे चारला कोणीतरी तुमचाच माणूस मागे बसलेला असतो झोपून, त्याने कधी उतरून टायर बघितलाय का? शोरूममध्ये तेवढी चर्चा.

खारघरची_ताई
दादा, यावर बोलायला तोंड नाही आमच्याकडे. आणि म्हणूनच मला वाटतं हे व्हेरियंटवर सोडायलाच नको, एबीएससारखं सरसकट सक्तीचं करून टाका.

नौपाडा_काका
सक्ती सक्ती सक्ती. मग बेस मॉडेलची किंमत वाढते आणि जो स्कूटरवर बायको-पोरांना घेऊन फिरतो तो स्कूटरवरच राहतो. चार चाकं आणि डोक्यावर छप्पर हीच त्याच्यासाठी सगळ्यात मोठी सेफ्टी, हे एसी ऑफिसात बसून कळत नाही.

कोलशेतकर
काका हा मुद्दा मात्र जोरदार आहे. पण एबीएसच्या वेळीही हेच बोलले होते सगळे. एबीएसचे सेन्सर आणि पंप गाडीत असतातच, वरून लागतं ते थोडंच. सनरूफ काढा आणि ईएससी द्या की बेसमध्ये, कोण अडवतंय? अमेरिकेतल्या अभ्यासात एकट्याच गाडीचे जे जीवघेणे अपघात होतात, म्हणजे घसरून दुभाजकावर नाहीतर खड्ड्यात, त्यांची शक्यता ईएससीमुळे जवळजवळ निम्मी झाली. निम्मी!

नौपाडा_काका
अमेरिकेत हायवेवर म्हैस बसलेली असते का? तिथले आकडे कापूरबावडीला लावू नका.

तुर्भे_टायरवाला
मी टायरच्या दुकानात आहे, तुर्भ्याला. ईएससीचं मला फार कळत नाही पण टायरचं रोज बघतो म्हणून लिहितो, लांबेल जरा.

परवा एक गाडी आली, अलाइनमेंट (चाकांचा कोन सरळ) करा म्हणाला. बाहेरून टायर झकास, नक्षी अर्धी शिल्लक. चाक खोलून आतल्या कडेवर हात फिरवला तर रबर संपून तारा बाहेर, बोटाला टोचल्या. खड्ड्यात आपटून अलाइनमेंट गेलेलं, टायर फक्त आतून घासत होता. मालक रोज सायन-पनवेलवरून जातो. त्याला म्हटलं साहेब स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि मग वाकून आतली बाजू बघत जा. कोणी वाकतच नाही.

नक्षीच्या खाचेत तळाला आडवी रबराची गाठ असते, १.६ मिमीची. टायरच्या कडेला छोटा त्रिकोण नाहीतर टीडब्ल्यूआय असं छापलेलं असतं, त्याच्या सरळ वर बघितलं की सापडते. नक्षी त्या गाठीला टेकली की कायद्यानेच टायर संपला. पण आपल्या पावसात तेवढी वाट बघू नका, ३ मिमीच्या खाली आला की पाणी फेकायची ताकद चांगलीच कमी झालेली असते. मे महिन्यात या, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येऊन लाईन लावू नका.

दुसरं, तारीख. कडेवर डीओटीच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी कमी चालली म्हणून नक्षी ताजी दिसते पण रबर कडक झालेलं असतं, बारीक भेगा बघा. नवीन टायर घेताना पण आधी हे चार आकडे बघा, दुकानदाराला राग आला तर येऊ दे.

तिसरं. दोनच टायर बदलणार असाल तर नवे मागे टाका.

घणसोली_बाईकवाला
मागे?? ओ दादा गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, ब्रेकचा जोर पुढे, स्टिअरिंग पुढे, आणि नवे टायर मागे? आमचा गॅरेजवाला कायम पुढे टाकतो.

ऐरोली_कॅब
आमच्याकडे पण पुढेच टाकतात.

तुर्भे_टायरवाला
टाकतात, कारण पुढचे लवकर झिजतात आणि गिऱ्हाईकच तसं मागतं. पण पाण्यात पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडता, वेग उतरतो, पकड परत येते. मागचे आधी घसरले तर गाडीची शेपटी फिरते आणि ती सावरायला स्टिअरिंग उलटं मारायला लागतं, ते साध्या माणसाला जमत नाही. तुम्ही घाबरून ॲक्सिलरेटर सोडलात तर अजून फिरते. मोठ्या टायर कंपन्या पण हेच सांगतात. म्हणजे पुढचे गुळगुळीत चालतील असं नाही हां, चारही ठीक पाहिजेत, त्यातले बरे दोन मागे.

कोलशेतकर
आणि शेपटी फिरायला लागली की ती पकडणारं यंत्र म्हणजेच ईएससी. माझं काम तुम्हीच केलंत 🙏

खारघरची_ताई
पकडायला पुढच्या बाहेरच्या चाकाला ब्रेक मारतं ना? ते चाक पाण्यावर तरंगत असेल तर? आलो परत टायरवर 😀

घणसोली_बाईकवाला
नायट्रोजन भरा सगळे, विषय संपला. समृद्धीला जाणारे सगळे भरतात.

तुर्भे_टायरवाला
भाऊ साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. दाब जरा हळू उतरतो एवढंच, त्याने टायर फुटायचा वाचत नाही. २०२५ च्या जूनमध्ये आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा उघडला, तेव्हापासून भिवंडीजवळून चढून नागपूरपर्यंत सरळ जाता येतं आणि १२० चं लिमिट. टायर फुटतात ते हवा कमी असताना. कमी हवेचा टायर कडेने सारखा दुमडत राहतो, तासन्‌तास दुमडून आतून तापतो, वरून गाडीत सात माणसं आणि कॅरियरवर बॅगा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, फुल लोडचा आकडा वेगळा लिहिलेला असतो, तेवढी हवा टायर थंड असताना भरा. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसतो म्हणून हवा काढू नका, ही चूक पंपावर सर्रास करतात.

उलवे_नवीन
मध्येच विचारतो, डॅशबोर्डवर गाडी घसरतेय असं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो तो काय? आणि तिथलंच बटण कधी दाबायचं? आमच्याकडे बिल्डिंगच्या बाहेर नुसता चिखल.

कोलशेतकर
लुकलुकला तर सिस्टीम काम करतेय, म्हणजे तुम्ही हळू व्हा. तसाच जळत राहिला आणि तुम्ही बटण दाबलेलं नाही, तर बिघाड आहे, दाखवून घ्या. चाकाच्या सेन्सरची वायर गेली की बहुतेक वेळा एबीएसचा दिवा पण सोबत लागतो.

बटणाने बऱ्याच गाड्यांत ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. चिखलात चाक फिरायला लागलं की सिस्टीम जोर कापते आणि गाडी जागची हलत नाही, तेव्हा बंद करा, हळूच बाहेर काढा, परत चालू करा. येऊरला काही दिवटे रात्री बटण दाबून गोल गोल फिरवतात, त्यांच्यासाठी नाहीये ते.

नौपाडा_काका
बघा! सगळ्या करामती करून शेवटी चिखलातून निघायला ते बंदच करायचं. पद्मिनीला बटणच नव्हतं.

खारघरची_ताई
काका 😂 तुमच्या पद्मिनीला धक्का मारायला गल्लीतली पोरं होती.

पण काका म्हणतात तो एक धोका खरा आहे, ईएससी आहे म्हणून माणूस अटल सेतूवर १०० चं लिमिट असताना पावसात १३० ने जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक मारल्यावर थांबायचं अंतर साधारण चौपट होतं, ते कुठल्याच व्हेरियंटमध्ये कमी होत नाही.

ऐरोली_कॅब
तुर्भेवाले दादा, एक राहिलं. मालक आता दोन टायर मोठ्या मापाचे टाकतो म्हणतोय, कुठून तरी स्वस्तात मिळालेत. चालतील का?

तुर्भे_टायरवाला
अजिबात नको. एबीएसवाली गाडी असेल तर मागचं-पुढचं चाक वेगळ्या गोलाईचं झालं की सेन्सरचा हिशोब चुकतो, त्याला वाटतं चाक घसरतंय. एकाच एक्सलवर दोन वेगळी मापं तर कधीच नाही. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर ती पण फक्त दुकानापर्यंत पोचायला, ८० च्या आत. मालकाला माझ्याकडे घेऊन या, तेच माप स्वस्तातलं बघू, पण नवीन.