फुंकण्याच्या चाचणीत 15 टक्के वाढ, तरीही ‘लक्षणीय प्रतिसाद नाही’ असा शेरा का?

जिज्ञासू:
वडिलांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार, आहे. त्यांच्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे यंत्रात फुंकण्याच्या चाचणीत, पहिल्या सेकंदात जोराने बाहेर टाकलेली हवा, म्हणजे एफईव्ही-1, औषधापूर्वी 1.20 लिटर होती. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलचे चार पफ घेतल्यावर पंधरा मिनिटांनी ती 1.38 लिटर भरली. त्यांचे वय आणि उंची पाहता अपेक्षित आकडा 2.80 लिटर छापला आहे. ही वाढ 15 टक्के होते, तरीही अहवालात ‘औषधाला लक्षणीय प्रतिसाद नाही’ असे लिहिले आहे. वडील मात्र औषधानंतर छाती मोकळी वाटली असे ठामपणे सांगतात. यातले कोणते खरे धरावे?

श्वासमापक:
शेरा नियमाला धरूनच आहे. 2005 च्या मार्गदर्शनातल्या निकषानुसार वाढ किमान 12 टक्के आणि किमान 200 मिलिलिटर, अशी दोन्ही अंगांनी व्हावी लागते. इथे ती 180 मिलिलिटर आहे. मूळ आकडाच लहान असला की थोडीशी वाढही टक्केवारीत मोठी दिसते, म्हणून 2022 च्या मार्गदर्शनात वाढ अपेक्षित आकड्याच्या तुलनेत मोजतात आणि ती 10 टक्क्यांहून जास्त असावी लागते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती साडेसहा टक्क्यांच्या आत आहे.

एवढी कडक अट कशासाठी, हे यंत्रासमोर उभे राहिल्यावर कळते. ओठांच्या कडेने थोडी हवा निसटली, छाती पुरती भरण्याआधीच फुंकर सुटली किंवा सुरुवातीचा जोर ढिला पडला, की औषधाविनाही आकडा हलतो. म्हणून किमान तीन निर्दोष फुंकरी घेतात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन आकड्यांत 150 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालवून घेतात. 180 हा आकडा त्याच्या फार पुढे नाही. चाचणीआधी कोणता इनहेलर घेतला होता का, हे मात्र जरूर सांगा.

आकडेमोड:
‘मोकळे वाटले’ या अनुभवाबद्दल एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दम्याच्या त्याच रुग्णांना वेगवेगळ्या वेळी साल्ब्युटामॉल, औषध नसलेला इनहेलर, लटके ॲक्युपंक्चर आणि काहीच उपचार नाही, अशा चारही गोष्टींतून नेले. एफईव्ही-1 खऱ्या औषधाने सुमारे 20 टक्के वाढला, उरलेल्या तिन्हींत सुमारे 7 टक्के. रुग्णांना स्वतःला वाटलेली सुधारणा मात्र खऱ्या औषधाने 50, खोट्या इनहेलरने 45 आणि लटक्या ॲक्युपंक्चरने 46 टक्के होती. काहीच न करता ती 21 टक्के राहिली. काहीही न देता आकडा 7 टक्के वाढतो, हे मला यातले सर्वांत बोलके वाटते, कारण तुलनेचा गट नसता तर ती वाढही उपचाराच्या खात्यावर जमा झाली असती.

फुफ्फुसविद्यार्थी:
प्रयोग चोख आहे, पण तो दम्याचा आहे. त्यावरून या वडिलांना नुसता भास झाला असे म्हणणे घाईचे होईल. सीओपीडीत श्वास पूर्ण बाहेर पडत नाही, हवा छातीत अडकून राहते आणि पुढचा श्वास घ्यायला जागाच उरत नाही. औषधाने ही अडकलेली हवा थोडी कमी झाली, तर एफईव्ही-1 फारसा न हलताही माणसाला खरोखर हलके वाटते. अहवालात एफव्हीसी, म्हणजे छाती पूर्ण भरून जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा, किती बदलला ते पाहावे आणि श्वास आत घेण्याची क्षमता मोजली असेल तर तीही पाहावी. ‘लक्षणीय प्रतिसाद नाही’ याचा अर्थ ‘औषध बंद करा’ असा होत नाही.

जिज्ञासू:
आदल्या रात्री त्यांनी नेहमीचा बारा तास चालणारा इनहेलर घेतला होता. तो थांबवायला कोणी सांगितले नव्हते.

श्वासमापक:
मग 1.20 हा आकडा पुरता ‘औषधापूर्वीचा’ म्हणता येणार नाही. औषधाचा प्रतिसाद तपासायचा असेल तर असा इनहेलर साधारण 24 तास आणि साल्ब्युटामॉल चार ते सहा तास आधी थांबवतात. हे डॉक्टरांच्या कानावर घाला. पुन्हा चाचणी करायची का आणि त्याआधी इनहेलर थांबवणे वडिलांना झेपेल का, हे त्यांनीच ठरवावे.