मदत हवी आहे: मे महिन्याच्या सुट्टीत एडीएचडीची गोळी थांबवावी का?

मुलगा ९ वर्षांचा, चौथीत. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अतिचंचलपणा. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. मिथाइलफेनिडेटची १८ मिलिग्रॅमची दिवसभर पुरणारी गोळी रोज सकाळी देतो, सात महिने झाले. शाळेत खूप फरक पडलाय, त्याबद्दल शंकाच नाही. पण भूक मेली आहे. डबा तसाच परत येतो, पोळीचा एक कोपरा तेवढा कुरतडलेला. वजन २६ वरून २४.५ किलोवर आलंय.

गोळीआधी पोटभर नाश्ता, संध्याकाळी औषधाचा अंमल उतरला की नीट जेवण, झोपताना दूध-केळं, सगळं करून झालं. घट थांबली, वजन वाढत मात्र नाही. रक्ताच्या तपासण्या ठीक आहेत.

डॉक्टर म्हणाले, हे औषध रोजच्या रोज अंगातून उतरतं, सुट्टीत थांबवून बघायला हरकत नाही. पण दिवसभर त्याला सांभाळणं जमेल का, ते तुम्ही बघा. तिथेच अडलंय. सुट्टीत तो तासगावजवळ आजोळी असतो. घरामागे विहीर, कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. गोळी नसली की हा आधी धावतो, मग बघतो. आणि माझी आई सत्तरीची. 'लहान मुलाला कशाला गोळ्या' हे कृपया नको, ते ऐकून झालंय.

ज्यांनी थांबवली त्यांनी सांगा: सलग महिनाभर की फक्त रविवारी? वजन-उंची भरून आली का? आणि जूनमध्ये पुन्हा सुरू केल्यावर पहिले काही दिवस कसे गेले?