चुकून ग्लुटेन पोटात गेलं. तीन वर्षांचं पथ्य वाया गेलं का?

निळी_छत्री

थोडं मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मला सिलिअ‍ॅक असल्याचं कळून तीन वर्षं झाली, म्हणजे गहू, बार्ली, रायमधलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की आपलीच प्रतिकारशक्ती आतड्याला इजा करते तो आजार. तेव्हा टीटीजी (या आजारात रक्तात वाढणारी अँटिबॉडी) दहापट वर, एंडोस्कोपीत आतड्याची लव (आतल्या बाजूचे अन्न शोषणारे बारीक केसांसारखे उंचवटे) सपाट झालेली, हिमोग्लोबिन ८ च्या आसपास. तेव्हापासून गहू, बार्ली, राय यातलं काही म्हणजे काही तोंडात घातलेलं नाही. गेल्या वर्षी टीटीजी पहिल्यांदा नॉर्मल आली तेव्हा तो कागद हातात घेऊन मी खुर्चीत बसून रडले होते.

परवा मैत्रिणीकडे जेवायला गेले. तिला माझं सगळं माहितीये, मुद्दाम माझ्यासाठी भाज्यांचं सूप केलं होतं आणि मैदा नाही, कॉर्नफ्लोअर घातलंय हे पाकीट दाखवून सांगितलं. मी दोन वाट्या प्यायले. घरी आले आणि साधारण दोन तासांनी पोटात असं काही ढवळायला लागलं की बाथरूमच्या फरशीवर गाल टेकवून पडून राहिले, कारण फरशी गार होती आणि तेवढंच बरं वाटत होतं. चार उलट्या, मग जुलाब. आज तिसरा दिवस, पोटाचा नगारा झालाय, डोक्यात कापूस भरल्यासारखं वाटतंय, आज ऑफिसात एक मेल तीनदा वाचला तरी त्यात काय लिहिलंय ते समजेना.

आणि त्रासापेक्षा भीती जास्त वाटतेय. जे काही भरून आलं होतं ते परत गेलं का? परत पहिल्यापासून सुरुवात? उद्या जाऊन टीटीजी करून घेऊ का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे मैत्रिणीला सांगू का, तिने इतक्या प्रेमाने केलं होतं, तिला कळलं तर ती परत कधी मला बोलावणारच नाही असं वाटतंय.

अकरा_वर्षं

ताई, आधी एक सांग, पाणी पोटात राहतंय का? लघवी नीट होतेय का? हे आधी, बाकी सगळं नंतर. ओआरएस घोट घोट घेत राहा. उलटी थांबतच नसेल, उभं राहिलं की चक्कर येत असेल, ताप असेल किंवा शौचातून रक्त दिसलं तर ते ग्लुटेनच असेल असं गृहीत धरून घरी बसू नकोस, डॉक्टरकडे जा. आणि मैत्रिणीला एवढं तरी विचार की ते सूप प्यायलेल्या बाकी कुणाला त्रास झाला का. आपल्या लोकांना प्रत्येक पोटदुखी ग्लुटेनची वाटते पण आपल्यालाही चारचौघांसारखं साधं इन्फेक्शन होऊ शकतं.

आता तुझा मुख्य प्रश्न. नाही, तीन वर्षं वाया गेलेली नाहीत. माझं निदान होऊन अकरा वर्षं झाली आणि या काळात माझ्याकडून मला माहीत असलेल्या सहा-सात वेळा तरी झालंय, माहीत नसलेल्या किती ते देव जाणे, तरी माझी दुसरी बायोप्सी चांगली आली. आतड्याची लव सपाट होते ती महिनोन् महिने, वर्षानुवर्षं रोज मारा झाल्यावर. एका जेवणाने थोडी सूज येते, चिडचिड होते, ती ओसरते. माझ्या डॉक्टरांनी मला समजावलं ते असं की त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना ग्लुटेनची ओळख आहे, ओळख पटली की त्या काही तासांत आरडाओरडा करतात, रक्तात इंटरल्यूकिन-२ नावाचं रसायन वाढतं आणि मळमळ-उलटी त्याच सुमाराला येते. म्हणजे दोन तासांनी उलटी झाली हे अगदी जुळतंय. पण आरडाओरडा म्हणजे घर पडलं असं नाही.

टीटीजी उद्या करून काही कळणार नाही. अँटिबॉडी अशा एका दिवसात वर चढत नाहीत, एका चुकीनंतर बहुतेक वेळा ती नॉर्मलच येते. वर्षाची ठरलेली तपासणी असते तेव्हा कर आणि डॉक्टरांना हा प्रसंग तारखेसकट सांग.

सध्या दूध काही दिवस कमी कर. दूध पचवणारं लॅक्टेज त्या लवेच्या टोकाशी बनतं, तिथेच सूज असल्यामुळे दूध प्यायलं की पोट अजून फुगतं आणि माणसाला वाटतं परत कुठून ग्लुटेन आलं. मी पहिल्या वेळी यात पंधरा दिवस गोंधळलो होतो. भात, उकडलेला बटाटा, केळं असं साधं खा, झोप काढ, ऑफिसला सुट्टी टाक.

आणि सूपमध्ये कॉर्नफ्लोअर होतं तर मग गहू कुठून आला हे शोधल्याशिवाय सोडू नकोस. सूप म्हटलं की मला पहिली शंका येते ती स्टॉक क्यूबची, बऱ्याच क्यूबमध्ये गव्हाचं पीठ असतं. दुसरी सोया सॉसची, नेहमीचा सोया सॉस गहू घालूनच बनतो.

आईची_नोंदवही

अगं वाचूनच कसंतरी झालं. माझ्या मुलाला आहे, नऊ वर्षांचा आहे तो. अकरा वर्षंवाले दादा म्हणतात ते शोधण्याचं मी जरा सविस्तर सांगते कारण आमच्याकडे त्यानेच सगळं बदललं.

निदानानंतर दीड वर्ष झालं तरी त्याची टीटीजी खाली यायची पण एका ठिकाणी येऊन अडली. मी तर घरात त्याचं पीठ वेगळं, डबे वेगळे, टोस्टर वेगळा, लाकडी चमचे सगळे टाकून दिले होते. डॉक्टर विचारायचे, बाहेर काही खातो का, आणि तो बिचारा शपथेवर नाही म्हणायचा आणि मला, खरं सांगते, त्याचा संशय यायचा. मग एक दिवस तांदळाचं पीठ चाळताना चाळणी उजेडाकडे धरली आणि जाळी जिथे कडेच्या पत्र्यात घुसते तिथे आत पांढरी ओळ दिसली. टाचणीने उकरलं तर पीठच. गव्हाचं. घासून धुतलेली चाळणी होती ती, रोज घासली जायची, पण त्या फटीत घासणी पोचतच नाही. आणि मी त्याचं वेगळं महागाचं ग्लुटेनमुक्त पीठ इतके महिने त्याच चाळणीतून चाळत होते. चाळणी बदलली, सहा महिन्यांनी टीटीजी नॉर्मल. मुलाला जवळ घेऊन मी माफी मागितली, संशय घेतल्याबद्दल.

आकडा सांगितला की लोकांना पटतं म्हणून सांगते. ज्यावर ग्लुटेनमुक्त लिहायचं त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको, असं कोडेक्सचं, म्हणजे अन्नाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचं, मानक आहे. आणि दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमपर्यंत बहुतेकांच्या आतड्याला सोसतं असं धरतात, ५० मिलिग्रॅम रोज तीन महिने दिलं तर आतड्यावर दिसून येतं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये २ ग्रॅम तरी ग्लुटेन असतंच, म्हणजे १० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचे दोनशे तुकडे करून त्यातला एक. तो कण ताटाच्या कडेला पडला तर आपण पुसूनही घेणार नाही. म्हणून 'थोडंसं लागलं तर काय होतं' म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता हा हिशोब सांगते. आणि शिजवून, तळून, भाजून ग्लुटेन जात नाही, सॅनिटायझरने पण जात नाही, साबण आणि पाणी लावून घासूनच काढावं लागतं.

माझ्या मुलाने एकदा विचारलं की हे गव्हामुळे होतं हे कळलं कसं. तेव्हा त्याला विलेम डिके या डच डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे नेदरलँड्समध्ये ब्रेड मिळेना, लोक उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र ठीक होती, ब्रेड परत आला तशी पुन्हा आजारी पडली. मुलांच्या आहारातून गहू काढला की ती सुधारायची, घातला की बिघडायची, परत काढला की परत सुधारायची, हे त्यांनी पुढे नीट मांडलं. ही गोष्ट तुलाच सांगावीशी वाटली कारण त्यात 'परत सुधारायची' हे आहे. आतडं परत भरतं गं.

शांत_पाऊस

मी जरा वेगळ्या बाजूने लिहितो. मला ग्लुटेन खाल्लं तरी काहीच होत नाही. म्हणजे जाणवत काहीच नाही. बहिणीला निघालं म्हणून घरच्या सगळ्यांची तपासणी झाली आणि माझं आतडं तिच्यापेक्षा खराब निघालं, मी मात्र धडधाकट, रोज धावायला जाणारा. हाडांची घनता कमी आणि लोह कमी, एवढाच काय तो पुरावा.

त्यामुळे वर 'एकदा झालं तर घर पडत नाही' लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर असलं तरी त्यातून कुणी नवीन माणसाने असा अर्थ काढू नये की त्रास झाला नाही म्हणजे नुकसान नाही. किती उलट्या झाल्या यावरून आत किती इजा झाली हे मोजता येत नाही, दोन्हीकडून. तुम्ही फरशीवर पडला होतात म्हणून आतडं उद्ध्वस्त झालं असं नाही आणि मला काही होत नाही म्हणून माझं सुरक्षित आहे असंही नाही. तुमच्या शरीराला घंटा आहे. मला ती नाही, म्हणून मला प्रत्येक लेबल वाचावं लागतं, प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि चूक झाली तर मला कळणारच नाही हे मनात ठेवून जगावं लागतं. पहिल्या वर्षी मी दोनदा स्वतःहून 'बघू काय होतं' म्हणून बिस्किट खाल्लं होतं. काही झालं नाही म्हणून तिसऱ्यांदाही खाल्लं. ते मी करायला नको होतं.

टीटीजीबद्दल अजून एक, ती नॉर्मल आली म्हणजे आतडं पूर्ण बरं झालं असंही नसतं, मोठ्या माणसांत लव भरून यायला दोन-दोन वर्षं आणि कधी त्याहून जास्त लागतात. लघवीत किंवा शौचात ग्लुटेनचे तुकडे सापडतात का बघायच्या किट असतात, शंका असेल तर डॉक्टरांना विचारा.

हिरवा_दरवाजा

ग्लुटेन पचवणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्या मिळतात ना, माझी वहिनी बाहेर जाताना घेते. त्या ठेवा पर्समध्ये, अशा वेळी एक घेतली की झालं.

अकरा_वर्षं

नको, प्लीज. वहिनींनाही सांगा. त्या गोळीने सिलिअ‍ॅकच्या माणसाचं आतडं वाचतं असं सिद्ध झालेलं नाही, आणि गोळी घेतलीये म्हणून माणूस विचारायचं सोडतो हा खरा धोका. चूक झाल्यावर उतारा म्हणून घ्यावं असं आज काहीच नाही. मुद्दाम बोट घालून उलटी पण काढू नये. पाणी, आराम आणि वेळ, एवढंच.

आईची_नोंदवही

आणि मैत्रिणीचं राहिलं. सांग गं तिला. नाही सांगितलंस तर ती पुढच्या वेळी तेच करेल, आणखी प्रेमाने. फक्त 'तुझ्यामुळे झालं' अशी सुरुवात करू नकोस, 'मला त्रास झाला, कशामुळे ते शोधायला मला तुझी मदत हवी' असं म्हण. माणसाला काम दिलं की अपराधी वाटत बसायला वेळ मिळत नाही.

निळी_छत्री

सगळ्यांचे खूप खूप आभार. काल दिवसभर झोपले, ओआरएस घेतलं, दूध बंद केलं तर पोट खरंच उतरलं. मेल आता एकदा वाचून समजतोय.

रात्री मैत्रिणीला फोन केला. ताईंनी लिहिलं होतं तसंच म्हटलं. घरात बाकी कुणाला काही झालं नव्हतं. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली थांब, आणि फोन चालू ठेवून स्वयंपाकघरात गेली, मला कपाट उघडल्याचा आवाज येत होता. कॉर्नफ्लोअरचं पाकीट वाचून दाखवलं, ठीक. मिरपूड, ठीक. मग स्टॉक क्यूबचा खोका. मीठ, तेल, साखर असं वाचत गेली आणि मधेच थांबली. 'गव्हाचं पीठ,' म्हणाली. इतक्या बारीक अक्षरात होतं की तिला चष्मा काढून डोळ्याजवळ धरावं लागलं. दादा तुमची पहिलीच शंका बरोबर निघाली.

ती रडली. मग मीही. तिला वाटत होतं की पीठ म्हणजे घट्टपणासाठी जे घालतो तेवढंच बघायचं असतं, क्यूबमध्ये पीठ कशाला असेल. आणि मी तरी कुठे विचारलं होतं, पाकीट दाखवलं म्हणून मीच निश्चिंत झाले. शांत पाऊस यांचं वाचल्यापासून हे डोक्यात फिरतंय की माझ्या शरीराने ओरडून सांगितलं म्हणून आम्ही शोधलं तरी, नाहीतर तो खोका संपेपर्यंत मी तिच्याकडे सूप पीत राहिले असते.

चाळणीचं तिला सांगितलं तर लगेच तिची चाळणी उजेडाकडे धरून फोटो पाठवला. कडेला पांढरी ओळ आहेच. रविवारी बोलावलंय, म्हणतेय मी नवीन चाळणी आणते, तू ये आणि माझं अख्खं कपाट माझ्याबरोबर बसून वाच. जाणार आहे.