परदेशात साबण, शाम्पू, किटली घेताना : तुमचे अनुभव सांगा

मागच्या वर्षी आम्ही दोघं म्युनिकला उतरलो आणि मोठी बॅग काही आलीच नाही. काउंटरवर अर्ज भरून भाड्याच्या घरी पोचेपर्यंत शनिवारचे रात्रीचे साडेआठ. बव्हेरियात दुकानं आठला बंद होतात आणि रविवारी तर बंद म्हणजे बंद. घरातल्या न्हाणीघरात एक टॉवेल सोडला तर काही नव्हतं. शेजारच्या आजोबांनी सांगितलं, स्टेशनवर जा, तिथली दुकानं रविवारीही उघडी असतात. दोन ब्रश आणि पेस्ट तिथे मिळाली तेव्हा जिवात जीव आला.

सोमवारी डीएम नावाच्या साबण-शाम्पूच्या दुकानात गेले. बाटलीवर लांब केसांच्या बाईचं चित्र बघून शाम्पू समजून घेऊन आले. डोक्याला लावलं तर फेसच येईना. म्युनिकचं पाणी जड आहे असं ऐकलं होतं, म्हणून तेच कारण असेल असं धरून तीन दिवस तसेच केस धुतले. चौथ्या दिवशी भाचीने फोनवर बाटली बघितली आणि म्हणाली, मावशी, ‘श्प्यूलुंग’ म्हणजे कंडिशनर! आणि ‘श्प्यूलमिटल’ दिसलं तर तो भांड्यांचा साबण, तो तर घेऊच नकोस.

आणखी एक. तिथे डीएममध्ये क्रोसिनसारखी साधी गोळीसुद्धा मिळत नाही, त्याला लाल ‘ए’ची पाटी असलेलं औषधांचं दुकानच लागतं. रविवारी आळीपाळीने एखादं उघडं असतं आणि ते कुठलं याचा कागद बाकीच्यांच्या दारावर लावलेला असतो. बरोबर वयस्कर माणूस असेल तर हे आधी माहीत हवं. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर जरूर लिहा, पुढच्या माणसाची पायपीट वाचेल.

*

ताई, शाम्पूवरून जपान आठवलं. मुलगा ओसाकाला असताना आईला घेऊन गेलो होतो. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. न्हाणीघरात सारख्याच पांढऱ्या तीन बाटल्या, वर सगळं जपानी. दुकानात तशाच नव्या बाटल्या घ्यायला गेलो तेव्हा तिथल्या मुलीने शाम्पूच्या बाटलीच्या कडेवरून स्वतःचं बोट फिरवून दाखवलं. कडेला बारीक खाचा होत्या, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. कंडिशनरची बाटली गुळगुळीत. अंगाच्या साबणाला एकच सरळ रेघ. अंध लोकांसाठी काओ कंपनीने १९९१ मध्ये शाम्पूला या खाचा दिल्या, मग इतरांनीही दिल्या. घरी आल्यावर आईने डोळे मिटून तिन्ही बाटल्या बरोबर ओळखल्या. दुसऱ्या दिवसापासून तिने आंघोळीला कुणाला हाक मारली नाही. आपल्याकडे हे कधी होणार, असं मला आजही वाटतं.

जपानमधून राइस कुकर आणणार असाल तर थांबा. तिथली वीज १०० व्होल्टची, आपली २३०. आमच्या वहिनींनी गल्लीतल्या दुकानातून सुंदर कुकर स्वस्तात आणला, तो आता पुण्यात माळ्यावर आहे. टोकियोत अकिहाबाराच्या दुकानांत परदेशी विजेवर चालणारे वेगळे कुकर मिळतात, महाग असले तरी तेच घ्या.

*

विजेचा विषय निघालाच आहे तर जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

अमेरिकेत १२० व्होल्ट. व्होल्टेज निम्मं झालं की तापणाऱ्या वस्तूची ताकद निम्मी नाही, चौथाईवर येते. आपली १००० वॉटची पाणी तापवायची सळई तिथे जेमतेम २७० वॉटची होते, म्हणजे बादलीभर पाण्याला अख्खी सकाळ. उलटं केलंत तर धोका. तिकडचा केस वाळवायचा ड्रायर पुतणीने नाशिकला अॅडॅप्टर लावून सुरू केला, दोन सेकंदांत जळका वास आणि ड्रायरच्या तोंडाशी ठिणगी. नशीब, हात भाजला नाही. अॅडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, वीज बदलत नाही.

म्हणून वस्तू उलटी करून तळाची बारीक अक्षरं वाचायची. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर जगात कुठेही लावा. मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर आणि बऱ्याच ट्रिमरवर असतं. किटली, इस्त्री, मिक्सरवर सहसा नसतं.

सौंनी मिक्सर इथून नेला होता. त्यासाठी घेतलेला ट्रान्सफॉर्मर मिक्सरपेक्षा जड, आणि दाण्याची चटणी वाटताना इतका गरम व्हायचा की मध्येच बंद करावं लागे. शेवटी न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर आपल्याच पद्धतीचा, तिकडच्या विजेवर चालणारा मिक्सर घेतला. मुलांकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी मिक्सर तिकडेच घ्यावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

*

लंडनला न्हाणीघरात दाढीच्या मशीनपुरतंच दोन पिनांचं सॉकेट असतं, ड्रायर खोलीतच लावायचा. सुपरमार्केटात पॅरासिटामॉलच्या एका पाकिटात १६च गोळ्या, आणि दोनच पाकिटं देतात.

मुलींसाठी : पॅडच्या पाकिटावरचे थेंब मोजा. एकदोन थेंब म्हणजे रोजचं पातळ लायनर, चारपाच म्हणजे रात्रीचं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि एडिंबराच्या बसमध्ये फार हाल झाले. स्कॉटलंडमध्ये ऑगस्ट २०२२ पासून कायद्यानेच पॅड मोफत मिळतात. मला विद्यापीठाच्या स्वच्छतागृहात ठेवलेले दिसले तेव्हा भरून आलं होतं.

*

कुणी मगाबद्दल लिहिलं नाही म्हणून लिहिते. बाबा ७२ वर्षांचे, कागदाची सवय होणं शक्यच नव्हतं, आणि लाजेपोटी बोलतही नव्हते. इटलीत प्रश्न आला नाही, तिथे १९७५ च्या नियमानुसार घरात बिडे, म्हणजे धुण्यासाठी नळ असलेलं बसकं भांडं, असावंच लागतं. पॅरिसला मात्र काहीच नाही. तीन दुकानं फिरले, मग नावाची वस्तू नाही. शेवटी बागकामाच्या सामानात झाडांना पाणी घालायची छोटी हिरवी झारी दिसली, लांब चोचीची. बाबांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी काही न बोलता नुसती मान हलवली. आठवडाभर ती पुरली. निघताना घरमालकिणीच्या गॅलरीत जिरेनियमच्या कुंडीशेजारी स्वच्छ धुऊन ठेवून आले.