मदत हवी आहे: फुटलेली काच आणि घरातलं प्लास्टिक नक्की कसं द्यायचं?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. ओला-सुका वेगळा करायची सवय घरात सगळ्यांना आहे, पण गेल्या आठवड्यात जे झालं त्यानंतर जाणत्यांना विचारल्याशिवाय राहवत नाही.

लोणच्याची बरणी ओट्यावरून पडून फुटली. तुकडे वर्तमानपत्रात नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या पिशवीत ठेवले. सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी जिन्याजवळ बसून पिशवी उघडतात आणि पुठ्ठा एकीकडे, बाटल्या एकीकडे करतात. त्यांना वाटलं, कागदाचा बोळा म्हणजे रद्दी. त्यांनी तो मुठीत धरला आणि अंगठ्याखाली पेरभर खोल कापलं. लगेच दवाखान्यात घेऊन गेले. तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. परत येताना रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, काच देऊ नका असं नाही म्हणत. पण सांगत जावा की."

कागदात गुंडाळणं हीच काळजी, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. म्हणून आता सगळंच मुळापासून विचारते.

फुटलेली काच कशात घालून द्यायची? जॅम, सॉस, मधाच्या अशा वीसेक अख्ख्या बाटल्या बाल्कनीत साठल्या आहेत. आमचा भंगारवाला पेपर-पुठ्ठा आनंदाने नेतो, पण काच म्हटली की "वजन लई, पैसे काय न्हाईत" म्हणून निघून जातो. मावशींना एकदम एवढं ओझं द्यायला मन धजत नाही. फुटलेला आरसा, काचेचे पेले, ओव्हनमधलं भांडं, जुनी ट्यूब हे सगळं त्यांच्याबरोबर चालतं का?

आणि प्लास्टिक. डब्याखालच्या त्रिकोणातल्या आकड्यावरून काय समजायचं? बाटलीचं झाकण काढायचं की ठेवायचं? हॉटेलच्या जेवणाचे तेलकट काळे डबे धुवायचे का? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे डबे धुण्यात पाणी घालवणंही बरोबर वाटत नाही.

कृपया स्वतः केलेलं, अनुभवातलं सांगा.

मृद्गंध:
मावशींचा हात कसा आहे आता? टाके ओले होऊ देऊ नका म्हणावं, आणि जमलं तर जाड रबरी हातमोजे घेऊन द्या.

आमच्या सोसायटीचं कचऱ्याचं काम मी सहा वर्षं बघतेय. फुटलेली काच पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा रिकाम्या पत्र्याच्या डब्यात घालायची, चिकटपट्टीने बंद करायची आणि वर मार्करने मोठ्या अक्षरात 'काच' लिहायचं. मात्र सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही. म्हणून खोकं पिशवीत टाकायचं नाही, हातात द्यायचं आणि तोंडाने सांगायचं. मावशींनी तेच तर सांगितलंय तुम्हाला.

बाटल्या-बरण्यांची काच वितळवून पुन्हा बाटली होते, कितीही वेळा. पण ओव्हनचं भांडं बहुधा बोरोसिलिकेट नावाच्या, उष्णता सोसणाऱ्या काचेचं असतं, ते जास्त तापमानाला वितळतं. बाटल्यांच्या काचेत त्याचा तुकडा गेला तर तो न विरघळता नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते. चिनी मातीच्या कपाचंही तेच. आरशाला मागून लेप असतो. म्हणून हे सगळं वेगळं द्या. जुन्या प्रकारच्या ट्यूब आणि सीएफएल दिव्यांमध्ये पारा असतो. २०१६ च्या घनकचरा नियमांत तो घरगुती घातक कचरा धरला होता. सुक्यात अजिबात द्यायचा नाही.

एक गंमत नाही, उपयोगाची गोष्ट: खोकल्याच्या औषधाची तपकिरी बाटली हल्ली बऱ्याचदा प्लास्टिकची असते. नखाने टिचकी मारून बघा, आवाजावरून कळतं.

बाराबंदी:
प्लास्टिकचं मी सांगतो. १ म्हणजे पेट नावाचं प्लास्टिक, पाण्याच्या नि सरबताच्या बाटल्यांचं. २ म्हणजे शाम्पू, फिनेलच्या जाड बाटल्या. ४ म्हणजे दुधाची पिशवी, ५ म्हणजे डबे आणि बरीचशी झाकणं. यांना भंगारात भाव येतो. ३, ६ आणि ७ ला गिऱ्हाईक कमी. वेफर्स-बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे होत नाहीत. म्हणून भंगारवाला त्या घेत नाही आणि त्या बहुधा सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. तिथे उपाय एकच, कमी आणणे.

झाकण लावून दिलं तरी चालतं. कारखान्यात बाटल्यांचा चुरा पाण्यात टाकतात, पेट बुडतं आणि झाकणाचं प्लास्टिक तरंगतं, वेगळं होतं. बाटली मात्र रिकामी करून चेपून द्या.

डब्यांसाठी नळ सोडू नका. तांदूळ धुतलेलं पाणी किंवा भांड्यांचं शेवटचं पाणी पुरतं. चकचकीत करायचे नसतात, खरकटं जाऊन कोरडे झाले म्हणजे झालं. खरकट्याने सोबतची रद्दीही भिजते आणि तिचा भाव जातो. कचरा वेचणाऱ्या बायांची कमाई या सुक्या मालावरच असते हे विसरू नये. पुण्यात १९९३ साली त्यांची संघटना झाली तिचं नावच 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' आहे.

दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून टाकू नका, थोडा लोंबता ठेवा. तो त्रिकोणी तुकडा इतका बारीक की कोणी उचलत नाही, सरळ गटारात जातो.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. मावशींचे टाके परवा निघाले, अंगठा वळतोय. हातमोजे आणलेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या की रोज दोन-दोन बाटल्या दिल्या तर जड होत नाही, एकदम वीस देऊ नका. आजपासून तसंच सुरू केलंय, आणि लिफ्टजवळ एक पत्र्याचा डबा ठेवलाय, फक्त फुटलेल्या काचेसाठी.

ट्यूब आणि आरसा तेवढा घरात आहे. सिंहगड रस्ता, वडगाव, धायरी भागात हे घेणारं जवळचं केंद्र कोणी स्वतः जाऊन बघितलं असेल तर कृपया जागा आणि वेळ सांगा.