शब्दचर्चा : बीएमआयला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आरोग्यविषयक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. बीएमआय म्हणजे 'बॉडी मास इंडेक्स', त्यासाठी 'शरीर वस्तुमान निर्देशांक' फारच जड वाटतं. 'वजनांक' चालेल का? आणि त्यातल्या गटांना काय म्हणावं?

उत्तर : 'वजनांक' नको. वाचणाऱ्याला तो काट्यावरचा आकडाच वाटेल. इथे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं असतं. वजन ६४ किलो आणि उंची १.६० मीटर असेल, तर बीएमआय २५ येतो. त्याच वजनाच्या १.७५ मीटर उंच माणसाचा मात्र २१ च्या आसपास. 'वजनांक' म्हटलं की उंचीच गळून पडते.

'निर्देशांक' मात्र अगदी योग्य शब्द आहे. तो निर्देश करतो, निवाडा देत नाही. मूळ सूत्र बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडोल्फ केटले यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. लोकसमूहातला 'सरासरी माणूस' शोधताना त्यांना ते सापडलं; कुणा एकाचा लठ्ठपणा ठरवणं हा त्यांचा हेतूच नव्हता. सध्याचं नाव १९७२ मध्ये अमेरिकी संशोधक अॅन्सेल कीज आणि सहकाऱ्यांच्या शोधनिबंधामुळे रूढ झालं.

दुसरं उत्तर : 'वस्तुमान'सुद्धा राहू द्या. त्यात हाडं, स्नायू, पाणी, चरबी सगळं आलं, आणि या अंकाला त्यातलं काही वेगळं काढता येत नाही. म्हणून कसलेल्या खेळाडूचा अंक २७ येऊ शकतो आणि स्नायू झिजलेल्या वृद्धाचा २२. पहिल्यांदा पूर्ण शब्द द्या, पुढे सरळ 'बीएमआय' लिहा. लोक तेच बोलतात.

प्रश्नकर्ती : पटलं. मग १८.५ ते २४.९ ला 'आदर्श वजन' म्हणू?

पहिलं उत्तर देणारे : कृपा करून नको! 'आदर्श' म्हटलं की माणूस एकाच आकड्यामागे धावतो. १.६० मीटर उंचीला हा पट्टा साधारण ४७ ते ६४ किलोंचा आहे, चांगला ऐसपैस. 'निरोगी वजनाचा पट्टा' म्हणा. त्याखाली 'कमी वजन', २५ पासून 'जास्त वजन', ३० पासून 'स्थूलता'. आशियाई लोकांत मधुमेहाचा धोका कमी अंकावरच वाढू लागतो, म्हणून त्यांच्यासाठी २३ पासूनच सावध राहायला सांगतात. तीही ओळ टाका. कंबरेचा घेर मोजायलाही सांगा, पोटाभोवतीची चरबी बीएमआयमध्ये दिसत नाही.

'लठ्ठ रुग्ण' असं मात्र कुठेही लिहू नका. 'स्थूलता असलेली व्यक्ती' लांबलचक वाटेल, पण ते पत्रक हातात धरून वाचणारी तीच व्यक्ती असणार आहे.

दुसरं उत्तर देणारे : आणि हे गट प्रौढांचे आहेत, हे वरच ठळक लिहा. मुलांचा बीएमआय वय आणि लिंग पाहून वाढीच्या तक्त्याशी ताडून पाहतात. गरोदरपणातही हे गट लावत नाहीत.