गावाच्या वापरातली जागा नकाशावर 'रिकामी' लागू नये म्हणून काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पारसिकच्या डोंगरापलीकडे, शिळफाट्याच्या अंगाला जी चौदा गावं आहेत, त्यांतल्या एका गावात आमचं घर आहे. ही गावं नवी मुंबई महापालिकेत होती, २००७ साली बाहेर पडली आणि २०२४ मध्ये शासनाने ती परत महापालिकेत घेतली. त्यावरून चाललेला वाद तुम्ही वाचला असेल. नवी मुंबईचे नेते गणेश नाईक यांचा विरोध उघड आहे: गावांच्या सोयींचा खर्च शहराने का उचलायचा, असं त्यांचं म्हणणं. आमच्यातल्या जुन्या माणसांना घरपट्टीची धास्ती आहे, तर पोरांना नळाला पाणी आणि धड रस्ता हवा आहे. दोन्ही बाजूंचं मला पटतं. पण गावं कुठेही राहिली तरी आज ना उद्या विकास आराखडा, म्हणजे कुठली जागा कशासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा, येणारच, आणि त्या नकाशात आमचं गाव कसं दिसेल याबद्दल कोणीच बोलत नाही.

हे डोक्यात यायचं कारण सांगतो. गेल्या मे महिन्यात कसल्याशा सर्वेक्षणाची दोन मुलं टॅब घेऊन गावात आली होती. गावदेवीच्या देवळामागे आमचं सामाईक खळं आहे. तिथे उभं राहून एकाने नोंद केली, 'रिकामी जागा'. मी म्हटलं, अरे, हे खळं आहे. तो म्हणाला, "काका, पण इथे काहीच नाही ना." बोलायला नीट होता, त्याची चूक नाही. पण मे महिन्यात खळ्यात काय दिसणार? दिवाळीनंतर ते शेणाने सारवलं जातं, भाताचे भारे येतात, झोडणी होते, कडेला पेंढ्याच्या उडव्या लागतात. शिमग्याला तिथेच होळी लागते, लग्नाचा मांडवही तिथेच पडतो. शेजारून जाणारा ओहोळ मे महिन्यात कोरडा असतो, म्हणून तोही त्याने नोंदवला नाही. जुलैत त्यातून कमरेएवढं पाणी जातं.

मी थोडं वाचलं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, त्यावरून प्रारूप आराखडा, मग हरकती आणि सुनावणी. लोक जागे होतात ते हरकतीच्या वेळी, तोवर आरक्षणाचा, म्हणजे जागा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याचा, रंग भरलेला असतो. खाजगी जमिनीवर आरक्षण पडलं आणि १० वर्षांत जागा घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो; त्यानंतर २४ महिन्यांत काही झालं नाही तर आरक्षण गळतं. पण ही वाट मालकाची. आमचं खळं सातबाऱ्यावर सरकारच्या नावाने आहे, मग नोटीस कोण देणार?

माझी बहीण घणसोली गावात दिली आहे. १९७० नंतर सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाने ९५ गावांच्या जमिनींवर शहर उभं केलं, त्यातलंच ते एक. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मा झाले, पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळाले. तेही सातबाऱ्यावर नाव असलेल्यांना. गावाच्या सामाईक जागेचं नाव कुठल्याच यादीत नसतं. कुटुंबं वाढली, गावठाणाची हद्द मात्र वाढली नाही, म्हणून गरजेपोटी बांधलेली घरं बेकायदा ठरली. आमच्याकडे हे होण्याआधी काही करता येईल का, हीच माझी धडपड आहे.

नगररचना खात्यात काम केलेलं किंवा स्वतः हरकत दिलेलं कोणी इथे असेल तर कृपया सांगा. जमीन वापराचा नकाशा व्हायच्या आधीच लेखी निवेदन देता येतं का, आणि ते कोणाला? भूमी अभिलेखचा जुना गाव नकाशा आणि ग्रामसभेचे जुने ठराव जोडले तर वजन पडेल का? वाजिब-उल-अर्ज या गावच्या रूढींच्या सरकारी नोंदवहीत गावाच्या वहिवाटीच्या वाटा आणि पाण्याचे हक्क नोंदतात असं कळलं. ठाणे जिल्ह्यात कोणी ते तहसीलमधून मिळवलं आहे का? आणि सगळ्यात अडलंय ते इथे: निवेदनात खळं लिहू कसं? 'खेळाचं मैदान' म्हटलं तर कुंपण घालून फाटकाला कुलूप लागेल, 'मोकळी जागा' म्हटलं तर पुन्हा तेच. आराखड्याच्या भाषेत अशा जागेला काय म्हणतात?

भर : खाली दोघांनी पुराव्यांबद्दल विचारलं म्हणून लिहितो. बहिणीच्या लग्नाचा फोटो मिळाला आहे. मांडव आहे, मागे दोन उडव्या आणि देवळाचा कळस स्पष्ट दिसतो. फोटोवर तारीख नाही, पण लग्नपत्रिका जपून ठेवलेली आहे. दोन्ही एकत्र जोडून प्रतिज्ञापत्र केलं तर चालेल का?